काढून घेतलेली सही

सहलीचा आराखडा वहिनी नेहमी शेवटापासून करायच्या. आधी परतीचं विमान. त्याच्या अलीकडे चोवीस तास कोरडे, कारण खोल पाण्यातून आलेल्या माणसाने लगेच विमानात बसायचं नसतं. अंगात मुरलेला वायू उंचावर गेला की सोड्याच्या बाटलीसारखा फेसाळतो. त्याच्या अलीकडे शेवटची उथळ बुडी. त्याच्या अलीकडे सगळ्यात खोल बुडी, तीही भरती संपून ओहोटी लागण्याआधी पाणी घटकाभर उभं राहतं त्याच वेळेला. असं एकेक पाऊल मागे सरकत त्या निघायच्या दिवसापर्यंत यायच्या आणि मगच बोटवाल्याला फोन लावायच्या. सासूबाई म्हणायच्या, आमची सून स्वयंपाक करायला घेईल तर आधी भांडी घासून ठेवेल.

पाणबुड्यांच्या सहली ठरवून देणारं हे ऑफिस घराच्या खालच्याच दोन खोल्यांत होतं. पुढच्या खोलीत टेबल, कॉम्प्युटर आणि भिंतीवर बेटांचा नकाशा. मागच्या खोलीत हवेच्या टाक्या भिंतीला टेकून ओळीने उभ्या, कोपऱ्यात त्या भरायचा कॉम्प्रेसर, आणि दोरीवर हँगरला लावलेले रबरी सूट. खिडकीपाशी सासूबाई वाकडी सुई आणि डिंकाची ट्यूब घेऊन फाटके सूट सांधत बसायच्या. गिऱ्हाइकाचं तोंड त्या विसरत, पण सूटचा गुडघा बघून सांगत की हा कोणाचा, आणि हा माणूस खडकावर रांगत चालतो की काय.

वहिनींना सगळे वहिनीच म्हणत. धाकटा दीर हाक मारायचा म्हणून गिऱ्हाइकंही तशीच हाक मारायला लागली होती. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा धाकटा शाळेत होता. तेव्हापासून त्या त्याला भाऊजी म्हणत आणि अहो-जाहो करत. तो मात्र त्यांना अगं-तुगंच करायचा. आता बोटीवरून लोकांना पाण्यात घेऊन जायचं काम त्याचं होतं, जमिनीवर बसून आराखडा करायचं वहिनींचं, आणि धंदा सांभाळायचं थोरल्याचं, म्हणजे वहिनींच्या यजमानांचं.

आराखड्याच्या कागदाला दोन बाजू असत. पुढच्या बाजूला वेळ, खोली, कुठल्या टाकीत कोणता वायू, वर येताना किती मीटरवर किती मिनिटं थांबायचं. मागच्या बाजूला, काही बिनसलं तर काय. तळाशी दोन सह्या, एक जमिनीवरच्या माणसाची आणि एक पाण्यात नेणाऱ्याची. ही पद्धत सासऱ्यांनी घालून दिलेली. दोघांपैकी कोणीही, केव्हाही, आपली सही काढून घेऊ शकतो. दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. एक सही गेली की आराखडा रद्द, आणि मग बोट चालवणारा तांडेल शिडीच पाण्यात सोडत नाही. पाण्यात नेणाऱ्यांनी अशी सही दोन-चारदा काढली होती. जमिनीवरून कोणी कधीच काढली नव्हती.

मागच्या बाजूला पहिली ओळ असे ती चेंबरची. वर येताना थांबे चुकले, किंवा न चुकताही नशिबाने दगा दिला, तर माणसाचे सांधे धरतात, पाय लुळे पडतात. अशा माणसाला जाड लोखंडी खोलीत घालून पुन्हा पाण्याखालच्याइतका दाब द्यायचा आणि मग तो हळूहळू उतरवायचा, हाच उपाय. त्या खोलीला चेंबर म्हणतात. सासूबाईंना चेंबर म्हटलं की रस्त्यातलं गटाराचं झाकण आठवायचं. त्यात माणसाला घालतात हे त्यांच्या गळी उतरत नसे, म्हणून त्या त्याला डबा म्हणायच्या.

प्रत्येक सहलीआधी वहिनी त्या बेटावरच्या चेंबरवाल्याला फोन करत. चेंबर चालू आहे का असं विचारत नसत. असं विचारलं की माणूस हो म्हणून मोकळा होतो. शेवटी कधी चालवलं आणि आत कोण होतं, असं विचारत. पण गेल्या वर्षी सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखाना आणि ऑफिस अशी ओढाताण व्हायला लागली, आणि वहिनींनी स्वतःपुरता एक नियम केला: त्याच चेंबरला तीस दिवसांच्या आत फोन झाला असेल तर पुन्हा करायचा नाही, जुनीच ओळ उतरवून घ्यायची. सासूबाई कधीच चालायला लागल्या होत्या. नियम तसाच राहून गेला होता.

ह्या खेपेला बोटीवर आठ माणसं होती. तांडेल, त्याचा खलाशी, धाकटा, प्रवाळ बघायला आलेलं चौघांचं कुटुंब, आणि दातांचे डॉक्टर. कुटुंब वीस मीटरच्या खाली जाणार नव्हतं. डॉक्टरांना मात्र बासष्ट मीटरवर बुडालेलं एक जुनं मालवाहू जहाज बघायचं होतं. दोन वर्षं ते त्यासाठी शिकत होते. तळाशी वीस मिनिटं आणि वर यायला तासाभराच्या आसपास. टाक्यांत साधी हवा नाही, हेलियम मिसळलेला वायू. त्यांना खाली घेऊन जाणार होता धाकटा, आणि नेता म्हणून ही त्याची पहिलीच खोल बुडी.

मागल्या वर्षी बाहेरून बोलावलेल्या एका नेत्याबरोबर धाकटा त्याच जहाजावर निघाला होता आणि चाळीस मीटरवरून परत फिरला होता. कान ठीक, टाकी ठीक. पाणी जड वाटलं, एवढंच तो म्हणाला. सगळे थांबे नीट घेत वर आला. त्यात वावगं काहीच नव्हतं, पण धक्क्यावरच्या लोकांना निमित्त पुरतं. त्यांनी त्याचं नाव अर्धा ठेवलं. अर्धा आला, अर्ध्याला चहा अर्धाच द्या. धाकटाही हसायचा. मात्र तेव्हापासून तो जेवताना ताटाशेजारी थांब्यांचे तक्ते घेऊन बसायला लागला होता. ही बुडी नीट पार पडली तर खोल पाण्यात नेण्याचं प्रमाणपत्र त्याच्या हातात पडणार होतं. ठरल्या दिवशी सकाळी सव्वानऊला पाणी उभं राहणार होतं. पाण्याचा आणि वाऱ्याचा असा मेळ पुन्हा वर्षभर नव्हता; वहिनींनीच तो शोधून काढला होता.

त्याच्या आदल्या दिवशी दुपारी चारला चेंबरवाल्याचा फोन आला. तुमचं कोणी शहरातून इकडे यायचं आहे का, असं तो विचारत होता. दाराची रबरी रिंग मागवली आहे, ती बंदरावर अडकून पडली आहे. कोणी हातोहात आणून दिली तर बरं होईल. वहिनींनी विचारलं, कुठल्या दाराची. तो म्हणाला, चेंबरच्या. अकरा दिवस झाले, रिंग तडकली आहे, दाब धरत नाही. आधी इथल्या इथे चिकटवून बघितली, जमलं नाही, मग सगळ्या बोटवाल्यांना कळवलं.

"आम्हाला नाही कळवलं," वहिनी म्हणाल्या.

"साहेबांना कळवलं की. सहा दिवस झाले. त्यांचं 'बरं' असं उत्तरही आलंय."

वहिनींनी फोन ठेवला आणि वही काढली. शेवटचा फोन एकोणीस दिवसांपूर्वीचा. नियमात बसणारा. बोट निघून पाच दिवस झाले होते. मागच्या खोलीत कॉम्प्रेसर घरघरत होता आणि थोरला टाक्या भरत होता. त्यांनी आत जाऊन बटण बंद केलं. थोरल्याने मान वर केली, आणि त्यांच्याकडे बघितल्यावर, काय झालं असं विचारायचं त्याने टाळलं.

तो खोटं बोलला नाही. निरोप बोट निघायच्या आदल्या दिवशी आला होता, म्हणाला. रबराची एक रिंग ती, दोन दिवसांत येईल असं वाटलं. तो चेंबरवाला तसाही सदा रडगाणं गातो. मग म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू खोल बुडी काढून टाकली असतीस."

"हो."

"म्हणूनच."

पुढचं बोलणं हळू आवाजातच झालं. त्या घरात कोणी आवाज चढवत नसे, आणि खिडकीत सासूबाई होत्या. थोरल्याचं म्हणणं असं की नऊ वर्षांत आपल्या एकाही माणसाला चेंबर लागलेलं नाही. पावसाळ्यात एखादा दिवस छत्री घरी राहते, म्हणून कोणी घरी बसत नाही. वहिनी म्हणाल्या, छत्री विसरली तर माणूस भिजतो. हे चेंबर नसेल तर दुसरं चौदा तासांवर आहे, आणि तेही समुद्र सरळ असेल तर. मग थोरल्याने खरं काय ते सांगितलं. धाकटा आतून कुरतडला जातोय, म्हणाला. ह्या वर्षी गेला नाही तर तो पुन्हा त्या पाण्यात उतरायचा नाही, आणि दुसरंही काही धड करायचा नाही.

"सहाला त्याला सगळं सांग," तो म्हणाला. "चेंबर बंद आहे म्हणून सांग. तो आणि डॉक्टर, दोघंही जाणते आहेत, त्यांना ठरवू दे. पण सही काढू नकोस. सांगितलंस की तुझं काम झालं."

बोटीवरचा सॅटेलाइट फोन रोज संध्याकाळी सहाला उघडायचा आणि पाव तासात बंद व्हायचा. सहा वाजायला सव्वा तास होता. वहिनी पुढच्या खोलीत येऊन बसल्या. दुसऱ्या एका सहलीचे कागद समोर ओढले आणि तीच ओळ चारदा वाचली. मनातल्या मनात देवाचं नाव घेत होत्या, पण तेही नीट चालेना. मध्येच थोरल्याचं वाक्य येत होतं.

त्याचं म्हणणं वाईट नव्हतं, हीच अडचण होती. पाण्यात जाणारा धाकटा, जीव त्याचा. पण वहिनी त्याला शाळेपासून ओळखत होत्या. सांगितलं तर तो म्हणेल, बरं झालं सांगितलंस वहिनी, जरा जपून जातो, थांबे पाच-पाच मिनिटं वाढवतो. आणि जाईल. ज्याला सगळे अर्धा म्हणतात त्याला, आता तूच ठरव, असं म्हणणं म्हणजे त्याने काय ठरवायचं ते आधीच ठरवून देणं. उद्या काही झालंच तर आपल्याला म्हणता येईल की मी सांगितलं होतं. हे म्हणता येईल, ह्याचीच त्यांना भीती वाटली. आणि सही काढली, तर मागल्या वर्षी त्याचा तो परत फिरला होता, ह्या वर्षी त्याला परत फिरवल्यासारखं होईल. धक्क्यावरच्या लोकांना ह्यातला फरक कळणार नाही. कदाचित त्यालाही.

सासूबाईंनी सूट बाजूला ठेवला आणि विचारलं, त्या डब्यात किती वेळात पोचावं लागतं. वहिनी म्हणाल्या, जितकं लवकर तितकं. आणि न पोचलं तर? वहिनींनी समोरचे कागद सारखे केले. सासूबाईंनी पुन्हा सुई घेतली, पण दोरा काही त्यांना ओवता येईना. वहिनींनी उठून ओवून दिला.

सहाला फोन लागला. धाकटा मजेत होता. आठही जण पाण्यातून वर, म्हणाला. डॉक्टर माशांना तोंड उघडायला लावताहेत, कोणाची दाढ किडली आहे बघायला. मागे कोणीतरी हसल्याचं ऐकू आलं. वहिनींनी ठरवलं होतं की आधी सहीचं बोलायचं, मग कारण. उलट केलं तर मध्ये घासाघीस करायला जागा राहते.

"भाऊजी, उद्याची खोल बुडी नाही. मी सही काढून घेतेय."

तिकडे नुसतं पाणी बोटीवर आपटत राहिलं.

"कारण विचारायचं नसतं ना?" तो म्हणाला.

"नसतं. पण सांगते. चेंबर अकरा दिवसांपासून बंद आहे. निघण्याआधी मी फोन केला नव्हता. चूक माझी आहे."

"वहिनी, उद्या पाणी उभं राहणार आहे. परत वर्षभर नाही."

"ठाऊक आहे. ती वेळ मीच काढलीय."

"लोक काय म्हणतील तेही ठाऊक आहे तुला."

"हो."

"बरं," तो म्हणाला, आणि पाव तास व्हायच्या कितीतरी आधी फोन बंद झाला. थोरला मधल्या दारात हात पुसत उभा होता. हात कोरडे झाले तरी तो पुसतच राहिला.

दुसऱ्या दिवशी सव्वानऊ वाजले, साडेनऊ वाजले. वहिनी टेबलाशी बसून होत्या. सही काढली म्हणजे माणूस उतरत नाही, असं आजवर झालं होतं, पण जमिनीवरून काढलेल्या सहीला पाण्यात किती वजन असतं ते कोणी तोलून बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी तीन चेंबरना फोन केले, पुढच्या तीनही सहलींचे, आणि तीस दिवसांचा तो नियम वहीतून खोडला. त्याने बरं वाटलं नाही. संध्याकाळी सहाला धाकट्याऐवजी तांडेल बोलला. आठही वर. प्रवाळावरच गेलो. धाकटा कुठे आहे विचारलं तर म्हणाला, मागे बसलाय, टाक्यांपाशी. बोलायचं नाही म्हणतो.

तीन दिवसांनी दुपारी टेम्पो दारात येऊन उभा राहिला. धाकटा उतरला, आईच्या पाया पडला, वहिनींकडे बघून मान हलवली आणि सामान काढायला लागला. उन्हाने त्याचं नाक सोललं होतं. थोरला पुढे होऊन टाक्या आत न्यायला लागला. खोल बुडीच्या मोठ्या टाक्यांपैकी पहिली उचलली आणि तो थबकला. वजन बघून कळतंच, तरी त्याने दाबाचा काटा लावून पाहिला. शून्य. दुसरी पाहिली. तीही शून्य. त्याने वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पुढे येऊन काटा वाचला, आणि दाराच्या चौकटीला हात टेकला.

"उतरलात?" थोरल्याने विचारलं.

"नाही," धाकटा म्हणाला. सूटांचा भारा खाली ठेवून तो त्यावरच बसला, आणि पाठीमागचं काही आठवून सांगावं तसं सांगायला लागला. सकाळी डॉक्टर सूट चढवून तयार. ते म्हणत होते, मी स्वतः डॉक्टर आहे, धोका मी घेतो, लिहून देतो. तांडेल शिडी सोडेना. पण काठावरून उडी मारायला शिडी लागत नाही. अर्ध्या मैलावर दुसऱ्या कंपनीची बोट आली होती, त्यांनाही चेंबरचं माहीत होतं. त्यांची तीन माणसं उतरली. डॉक्टर दुर्बिणीतून बघत होते आणि बघता बघता मला म्हणाले, तुझी वहिनी सोयीची आहे बाबा तुला.

"मी तोवर एक हात टाकीच्या पट्ट्यात घातला होता," धाकटा म्हणाला. "मग काढला, आणि चारही टाक्यांचे नळ उघडले. सगळं हेलियम सोडून दिलं. शिट्टीसारखा आवाज होता, किती तरी वेळ. डॉक्टर कानांवर हात ठेवून बसले."

ती तीन माणसं नीट वर आली. हात हलवून गेली. डॉक्टर पुढच्या वर्षी त्यांच्याबरोबर जाणार आहेत. आणि धक्क्यावर आता मला अर्धासुद्धा म्हणत नाहीत, तो म्हणाला; पाव म्हणतात.

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू होतं की काय ते कळलं नाही.

मग धाकटा वहिनींकडे वळला. परतीच्या वाटेवर बोट त्या बेटाला लागली होती आणि चेंबरवाला धक्क्यावर भेटला होता. रिंग आली नाही म्हणून रडत होता. बोलता बोलता त्याने सांगितलं होतं, केव्हा कळवलं आणि कोणाला.

"तू फोनवर चूक माझी म्हणालीस. का?"

वहिनी जपून बोलल्या. "फोन करायचा होता तो मी केला नाही. तेवढी माझीच आहे."

त्या तिथेच थांबल्या. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडात होतं. ते त्यांनी उच्चारलं नाही आणि लपवलंही नाही, नुसतं थोरल्याकडे पाहिलं. त्यांच्या मौनात शिरून गप्प बसणं थोरल्याला सहज जमलं असतं. तो तसा बसला नाही.

"निघायच्या आदल्या दिवशी कळलं होतं मला," तो म्हणाला. "हिला सांगितलं नाही. तुलाही नाही. तू एकदा खाली जाऊन यावंस, एवढंच डोक्यात होतं."

धाकटा रागावल्यासारखा दिसत नव्हता. उलट त्याचा चेहरा लहान झाला, शाळेतून पडलेल्या तोंडाने यायचा तेव्हाचा.

"दादा," तो म्हणाला, "मागल्या वर्षी मी परत आलो तेव्हा सगळे हसले. तू एकटा नाही हसलास. मला वाटलं, मी केलं ते तुला बरोबर वाटलं."

थोरल्याच्या हातात ती रिकामी टाकी अजून होती. ठेवायला जागा समोरच होती, पण त्याने ठेवली नाही. त्याने ओठ उघडले, आणि वहिनींना दिसलं की आता तो जे सांगेल ते खरं असणार नाही, आणि ते त्यालाही ठाऊक आहे. त्याने ओठ पुन्हा मिटले.

धाकटा उठला. सूट गोड्या पाण्यातून काढायचे राहिलेत, आंघोळ करून येतो, असं आईला म्हणाला आणि वर गेला. वहिनींना दोघांनाही काही म्हणावंसं वाटत होतं, पण जे म्हणतील ते एकाच्या बाजूचं झालं असतं. त्या तशाच उभ्या राहिल्या. जिन्यावर त्याची पावलं वाजत होती, दोन्ही पाय सारखे, एकेक पायरी सोडून, लहानपणापासून चढायचा तसा. ती वाजायची थांबेपर्यंत त्या ऐकत राहिल्या.